दूरची नजर चांगली, फक्त जवळचे दिसत नाही : अशा वेळी शस्त्रक्रिया करावी का?

मुद्रितशोधक (प्रश्न)

नमस्कार. माझे वय 52 आहे आणि गेली 26 वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम करतो. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशनाच्या कचेरीत सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत माझ्यासमोर कागदावरची मुद्रिते किंवा पडद्यावरची पाने असतात. माझा दूरचा नंबर शून्य आहे. जवळचा नंबर चव्वेचाळिसाव्या वर्षी +1.00 होता, तो आता +2.00 झाला आहे. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, आणि गेल्या महिन्यातल्या तपासणीत मोतीबिंदूही आढळलेला नाही.

अडचण अशी आहे की माझ्या कामाला एकच अंतर नाही. कागद हातभर अंतरावर असतो, पडदा त्याहून लांब असतो, शब्दकोश बाजूच्या घडवंचीवर असतो, आणि समोर उभे राहून बोलणारा माणूस आणखी दूर असतो. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वरून खाली दूर, मध्यम आणि जवळचा नंबर असलेला) दोन वर्षे वापरला, पण त्यात वाचनाचा पट्टा अरुंद असल्यामुळे प्रत्येक ओळीबरोबर मान फिरवावी लागते आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. आठ पॉइंटमधल्या तळटिपेत वेलांटी पहिली आहे की दुसरी, अनुस्वार आहे की छपाईचा ठिपका आहे, हे नीट दिसले नाही तर माझ्या कामाला अर्थच उरत नाही.

शहरातल्या एका नेत्रचिकित्सालयात चौकशी केली तेव्हा तिथल्या समुपदेशकाने पंधरा मिनिटांत दोन्ही डोळ्यांतले नैसर्गिक भिंग काढून त्रिकेंद्री भिंग बसवण्याचा खर्च लिहून हातात दिला आणि चष्मा कायमचा सुटेल असे सांगितले. माझे भिंग स्वच्छ असताना ते काढायचे, ही कल्पना मला पचलेली नाही. रात्री मी सिंहगड रस्त्याने दुचाकीवर धायरीला घरी जातो, हेही सांगून ठेवतो. यात प्रत्यक्षात कोणते पर्याय आहेत आणि प्रत्येकाची किंमत काय मोजावी लागते (पैशांची नव्हे, नजरेची), हे जाणकारांनी आणि अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

नेत्रशल्यक, कर्वेनगर

मी नेत्रशल्यचिकित्सक आहे. तुमचे डोळे मी तपासलेले नाहीत, त्यामुळे पुढचे विवेचन हा सल्ला न मानता तुमच्या डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत याची तयारी समजावी.

तुमच्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘दूरचा नंबर शून्य आहे’ हे आहे. ज्यांना मोठा दूरचा नंबर आहे त्यांना शस्त्रक्रियेने दोन्हीकडे काहीतरी मिळते, त्यामुळे थोडी तडजोड झाली तरी त्यांचा हिशेब बहुधा जुळतो. तुमच्याकडे दूरची नजर आधीच निर्दोष आहे. तुम्ही जे मिळवाल ते याच ठेवीतून काही काढून मिळवाल. हे कोणी पंधरा मिनिटांत सांगितले नसेल तर त्या चिकित्सालयात घाईने पैसे भरू नयेत, असे मला मनापासून वाटते.

चाळिशी का लागते, हे आधी पाहू. जवळचे पाहताना डोळ्यातला सिलियरी स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला धरून ठेवणारे तंतू सैल होतात आणि लवचिक भिंग स्वतःहून अधिक फुगीर होते. हेल्महोल्ट्झ यांनी 1855 मध्ये मांडलेले हे स्पष्टीकरण मुख्यत्वे आजही ग्राह्य धरले जाते. वयाबरोबर भिंग कडक होत जाते. स्नायू ओढतो, पण भिंग आकार बदलत नाही. लहान मुलाच्या डोळ्यात ही क्षमता दहा डायॉप्टरहून (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या शक्तीचे माप, चष्म्याचा नंबर त्यातच असतो) अधिक असते आणि साठीपर्यंत ती जवळजवळ संपते. 40 सेंटिमीटरवरचा कागद वाचायला अडीच डायॉप्टर लागतात, 65 सेंटिमीटरवरच्या पडद्याला साधारण दीड. म्हणूनच तुम्हाला पडदा सोपा जातो आणि तळटीप अवघड जाते. आता मुद्द्याची गोष्ट अशी की आज नेहमीच्या वापरात असलेली कोणतीही शस्त्रक्रिया त्या कडक भिंगाला पुन्हा लवचिक करत नाही. सर्व शस्त्रक्रिया या उणिवेला वळसा घालतात, आणि वळसा म्हटला की काहीतरी मागे सोडावे लागते.

पहिला वळसा कॉर्नियावरून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरून जातो. यातली जुनी आणि परिचित पद्धत मोनोव्हिजनची आहे. आपला एक डोळा प्रधान असतो. तो दूरसाठी तसाच ठेवायचा आणि दुसऱ्या डोळ्यावर लेझर करून त्याला मुद्दाम −1.25 ते −1.50 च्या आसपास आणायचे, म्हणजे तो जवळचे पाहील. मेंदू दोन्ही प्रतिमांतली स्पष्ट प्रतिमा निवडायला शिकतो. बहुतेकांना ते जमते. काहींना कधीच जमत नाही. दोन डोळ्यांतला फरक जितका वाढवाल तितके वाचन सुधारते, पण खोलीचा अंदाज आणि अंधारातली दूरची स्पष्टता तितकीच घटते. प्रधान डोळा घरी ओळखायचा असेल तर दोन्ही हात समोर ताणून तळव्यांमध्ये एक लहान खिडकी करावी, तिच्यातून पर्वतीच्या देवळाचा कळस पाहावा आणि एकेक डोळा मिटावा. जो डोळा मिटल्यावर कळस खिडकीतून निघून जातो, तो तुमचा प्रधान डोळा.

याच मार्गावरची पुढची पायरी म्हणजे कॉर्नियाचा आकार असा घडवणे की एकाच डोळ्यात स्पष्टतेचा पल्ला लांबतो. प्रेसबायॉन्ड या नावाने ओळखली जाणारी पद्धत यातलीच आहे; तिच्यात मोनोव्हिजनचा फरक माफक ठेवून दोन्ही डोळ्यांचे पल्ले मध्यम अंतरावर एकमेकांत मिसळवले जातात. निव्वळ मोनोव्हिजनपेक्षा ती अनेकांना सुसह्य वाटते. मात्र कॉर्नियावरच्या कोणत्याही लेझरनंतर काही महिने डोळे कोरडे पडू शकतात, आणि दिवसभर पापण्या न मिटता वाचणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नाही. शिवाय आतले भिंग कडक होण्याची क्रिया थांबलेली नसते. बावन्नाव्या वर्षी जमवलेले गणित साठाव्या वर्षी अपुरे पडू शकते.

कॉर्नियात बारीक चकती बसवण्याचा प्रयोगही झाला. काम्रा नावाची 3.8 मिलिमीटर व्यासाची चकती अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झाली. तिच्या मध्यभागी 1.6 मिलिमीटरचे छिद्र होते. तत्त्व साधे आहे. पोस्टकार्डाला सुईने भोक पाडून त्यातून वाचा, चष्म्याविना अक्षर ठळक दिसेल. औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला आपण उन्हात जातो तेव्हा बाहुली लहान होऊन हेच घडते. 2016 मध्ये रेनड्रॉप ही पारदर्शक चकती मंजूर झाली, पण कॉर्निया धूसर होण्याच्या तक्रारींमुळे 2018 मध्ये ती परत मागवावी लागली. आज कोणी तुम्हाला चकती सुचवली तर मी नको म्हणेन. डोळ्याच्या पांढऱ्या कवचात पट्ट्या बसवून किंवा लेझरने छेद देऊन स्नायूला मोकळीक देण्याच्या पद्धतींबद्दलही माझे मत तेच आहे. त्यांच्यामागचा सिद्धांतच वादग्रस्त आहे आणि परिणाम भरवशाचे नाहीत.

दुसरा वळसा भिंगाचा, म्हणजे तुम्हाला सुचवला गेला तो. शस्त्रक्रिया तंत्राने मोतीबिंदूचीच असते, फक्त भिंग स्वच्छ असते. त्रिकेंद्री भिंग प्रकाशाची दूर, मध्यम आणि जवळ अशी वाटणी करते. वाटणी म्हणजे एकाच वेळी तिन्ही प्रतिमा दृष्टिपटलावर पडतात आणि मेंदू त्यातली एक निवडतो. उरलेल्या प्रतिमांचा प्रकाश रात्री दिव्यांभोवती वलय म्हणून दिसतो, आणि फिकट छपाईतला काळ्या-पांढऱ्याचा फरकही थोडा मावळतो. पल्ला लांबवणारी दुसऱ्या प्रकारची भिंगे आहेत, त्यांत वलये सहसा कमी असतात, पण बारीक अक्षराला बहुधा चष्मा लागतोच. म्हणजे तुमच्या तळटिपेचा प्रश्न तिथे सुटत नाही.

याखेरीज ही डोळा उघडून केलेली शस्त्रक्रिया आहे. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर नजर जाऊ शकते. दृष्टिपटल सुटण्याचा धोकाही आहे. मोठा उणे नंबर असलेल्यांत आणि वयाने तरुण पुरुषांत तो अधिक असतो. आणि एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मोनोव्हिजन पसंत पडले नाही तर रात्री गाडी चालवताना साधा चष्मा घालून दोन्ही डोळे पुन्हा दूरसाठी जुळवता येतात. त्रिकेंद्री भिंगाची वलये कोणत्याही चष्म्याने जात नाहीत. भिंग बदलावे लागते. ते बदलणे शक्य असते, पण भिंगामागचा पापुद्रा धूसर झाला म्हणून त्याला याग नावाच्या लेझरने छिद्र पाडल्यानंतर ते फार अवघड होते. म्हणून भिंग बसवल्यावर रुग्णाची तक्रार असताना याग करण्याची घाई कोणीही करू नये.

तुमच्या जागी मी असतो तर आधी कॉन्टॅक्ट लेन्सची चाचणी घेतली असती. अप्रधान डोळ्यात +1.25 ची लेन्स घालून किमान दोन-तीन आठवडे सगळे नेहमीचे काम करावे, पावसातला रात्रीचा रस्ताही त्यात आला. लेझरनंतर जग साधारण कसे दिसेल, हे डोळ्याला काहीही न करता कळते. त्रिकेंद्री भिंगाची अशी खरी चाचणी आधी घेता येत नाही, आणि माझ्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. याखेरीज कोणतीही शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी कॉर्नियाचा नकाशा, कोरडेपणाची तपासणी आणि दृष्टिपटलाचा ओसीटी स्कॅन (त्याच्या थरांचे प्रकाशाने घेतलेले चित्र) करून घ्यावा. दृष्टिपटलाच्या केंद्रात बारीकसा दोष असला तरी प्रकाश वाटणारे भिंग टाळावे लागते.

सुईदोरा

दादा, मी सहकारनगरला राहते आणि शिवणकाम करते. वय 57. माझे मोनोव्हिजन लेझर होऊन दहा वर्षे झाली, म्हणून लिहिते. मात्र मला आधी दोन्ही डोळ्यांना −3.50 चा चष्मा होता, त्यामुळे डॉक्टर म्हणतात तसा माझा आणि तुमचा हिशेब एक नाही, हे ध्यानात ठेवून वाचावे.

पहिले पाच-सहा आठवडे मला कठीण गेले. पर्वतीच्या पायऱ्या चढताना काही वाटत नसे, पण उतरताना पायरीची कड नेमकी कुठे संपते ते कळत नसे आणि मी कठड्याला धरून उतरत असे. नंतर ते आपोआप गेले. आज कोणता डोळा काय पाहतो आहे, हे मला ठरवूनही सांगता येत नाही. आठ वर्षे मी हातशिलाई, हूक, काजे, सगळे चष्म्याविना केले. गेल्या दोन वर्षांत मात्र काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा असला की +1.00 चा चष्मा लावावा लागतो. रात्री गाडी चालवायची झाली तर फक्त डाव्या काचेत नंबर असलेला चष्मा डिकीत ठेवलेला आहे.

एक कळकळीची सूचना करते. माझे लेझर जिथे झाले ते चिकित्सालय बंद झाले आणि लेझरपूर्वीची मोजमापे मी त्यांच्याकडून घेतलेली नव्हती. आता मोतीबिंदूची सुरुवात झाली आहे, आणि कॉर्नियाचा मूळ आकार बदललेला असल्यामुळे भिंगाचा नंबर काढणे अधिक किचकट आहे, जुने कागद असते तर मदत झाली असती, असे नवीन डॉक्टरांनी सांगितले. तुम्ही काहीही केले तरी आधीच्या आणि नंतरच्या सर्व तपासण्यांच्या प्रती त्याच दिवशी मागून घ्याव्यात आणि घरच्यांना कुठे ठेवल्या आहेत ते सांगून ठेवावे.

द्रुतगती

माझ्या दोन्ही डोळ्यांत त्रिकेंद्री भिंगे आहेत. 59 व्या वर्षी मोतीबिंदूसाठी बसवली, त्याला दोन वर्षे झाली. वर्तमानपत्र, मोबाइल, गाडीचा डॅशबोर्ड आणि समोरचा रस्ता हे सगळे मी चष्म्याविना पाहतो आणि त्याचा मला रोज आनंद होतो. मंद दिव्यांच्या उपाहारगृहात पदार्थांची यादी वाचायला मोबाइलचा उजेड लागतो, एवढेच.

वलयांबद्दल मात्र खरे ते सांगितले पाहिजे. कामानिमित्त मी महिन्यातून चार वेळा द्रुतगती मार्गाने मुंबईला जातो. पहिले तीन महिने समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती एकात एक अशी कडी दिसत, आणि बोरघाटात पाऊस असला की मी गाडी मुलाच्या हाती देत असे. सहा महिन्यांनी कडी तशीच होती, पण त्यांच्याकडे लक्ष जाणे थांबले. काहींचे लक्ष कधीच हटत नाही, असे मला शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगितले गेले होते आणि त्यासाठी मी माझ्या डॉक्टरांचा ऋणी आहे. माझ्या भिंगात मोतीबिंदू होता, रात्रीचा चकाकणारा प्रकाश मला आधीही त्रास देत होता, त्यामुळे माझ्यासाठी बदल एकंदरीत चांगल्याकडेच झाला. तुमच्यासारख्या स्वच्छ भिंगाच्या माणसाला तसेच वाटेल, असे मी म्हणणार नाही.

विम्याचेही सांगतो. माझ्या मोतीबिंदूचा खर्च विमा कंपनीने ठरलेल्या मर्यादेपर्यंत दिला आणि महागड्या भिंगाचा फरक मी भरला. निव्वळ नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेला मात्र आरोग्यविम्यात सहसा 7.5 डायॉप्टरची अट असते. त्याहून कमी नंबर असेल तर तो खर्च वगळलेला असतो. तुमचा सगळा खर्च तुमच्याच खिशातून जाईल.

रविवार पेठ

थोडे बाजूचे विचारतो. शस्त्रक्रियेऐवजी डोळ्यांत थेंब घालून वाचता येते, अशा बातम्या मध्यंतरी आल्या होत्या. त्यांचे काय झाले?

नेत्रशल्यक, कर्वेनगर

ते थेंब पायलोकार्पिनचे. औषध जुने आहे, काचबिंदूसाठी ते फार पूर्वीपासून वापरले जाते. त्याने बाहुली लहान होते आणि वर सांगितलेल्या सुईच्या भोकाचा परिणाम काही तास मिळतो. अमेरिकेत 1.25 टक्क्यांच्या थेंबांना चाळिशीसाठी 2021 मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे प्रेसव्यू या थेंबांना ऑगस्ट 2024 मध्ये परवानगी मिळाली, परंतु मंजूर मर्यादेबाहेरचे दावे प्रसिद्ध झाल्यामुळे औषध नियंत्रकांनी सप्टेंबर 2024 मध्ये ती स्थगित केली. औषध म्हणून ते चमत्कारही नाही आणि थोतांडही नाही. डोके दुखणे, अंधारात कमी दिसणे हे त्रास होतात, आणि दृष्टिपटल कमकुवत असलेल्यांनी तपासणीशिवाय ते घालू नये. रात्री दुचाकी चालवणाऱ्या माणसाने बाहुली लहान झालेली असताना रस्त्यावर उतरू नये, हे वेगळे सांगायला नको.

मुद्रितशोधक

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. तीन आठवडे थांबून, चाचणी पूर्ण करूनच उत्तर द्यायचे ठरवले होते, म्हणून उशीर झाला.

माझा प्रधान डोळा उजवा निघाला. डाव्या डोळ्यात +1.25 ची रोज बदलायची कॉन्टॅक्ट लेन्स घालून एकवीस दिवस काम केले. पडद्यावरचे काम पहिल्याच आठवड्यात इतके सोपे झाले की मान दुखणे थांबले आणि मला फार बरे वाटले. कागदावरचे मुख्य मजकुराचे अक्षरही जमले. तळटिपा मात्र जमल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एका ग्रंथाच्या संदर्भसूचीत मी सात चुका सोडल्या, ज्या सहकाऱ्याने नंतर दाखवल्या. 26 वर्षांत असे कधी झालेले नव्हते. डॉक्टरांच्या संमतीने चार दिवस +1.75 ची लेन्स घालून पाहिली. तळटिपा दिसल्या, पण राजाराम पुलापासून पुढे भर पावसात समोरच्या रिक्षाचे अंतर कळेना, म्हणून गाडी कडेला लावून मी लेन्स काढली आणि मग घरी गेलो.

एवढ्यावरून मी सध्या लेझर करून घेणार नाही आणि स्वच्छ भिंग काढून घेणार नाही. चष्मा तपासणाऱ्या बाईंना कामाची चारही अंतरे मोजून दिली, तेव्हा त्यांनी रस्त्यासाठी नसलेला, फक्त कागद आणि पडदा यांच्यासाठीचा चष्मा बनवून दिला. त्यात वाचनाचा पट्टा रुंद आहे. तो कचेरीतच ठेवतो. कपाटापाशी उठून जायचे झाले की काढावा लागतो, हे आहेच. सुईदोराताईंचे ऐकून कॉर्नियाचा नकाशा आणि दोन्ही डोळ्यांची लांबी आत्ताच मोजून घेतली, आणि त्या कागदांची एक प्रत मोठ्या मुलीकडे दिली आहे. द्रुतगती यांना एकच विचारायचे आहे : पिवळट, जुन्या कागदावरचा शिळाप्रेसचा मजकूर आपण त्रिकेंद्री भिंगांतून कधी वाचून पाहिला आहे का? नसल्यास एखाद्या शनिवारी कचेरीत यावे. माझ्याकडे तशी चार-पाच पुस्तके आहेत, आणि मोतीबिंदूची वेळ माझ्यावर येईल तेव्हा मला ते माहीत असायला हवे आहे.